साकु म्हणालीस

आपण दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते शेंगदाणे निवडायचं. दुपारची वेळ. सोप्यात पोतं पसरलेलं, तू एका अंगाला, मी दुसऱ्या. घाणा चालू होता. आपली पोर तानी तिच्या जागेवर, भिंतीला पाठ लावून, फिरणाऱ्या बैलाकडं बघत. तू एक दाणा तोंडात टाकलास, चावलास आणि थू करून माझ्या पायापाशी टाकलास.

"खवट."

मी म्हटलं, "एक खवट निघाला म्हणून पोतं खवट होत न्हाय."

"एका दाण्यानं अख्खी घाणी नासती. जन्म तेलात गेला तुमचा, अजून सांगाय लागतंय."

मी काहीतरी बोललो. तू उलट बोललीस. मग कमरेवर हात ठेवून उठलीस, "ऱ्हायलेलं उद्या," म्हणालीस आणि आत जाऊन आडवी झालीस. ताप होता. चौथ्या दिवशी तू गेलीस.

आलेगेलेले विचारतात, शेवटी काय बोलणं झालं. लोकांस्नी वाटतं काहीतरी देवाधर्माचं झालं असंल. मी सांगतो, खवट दाण्यावरनं भांडत होतो.

आज बारावा. मंडळी जेवून गेली. मी मराठी तिसरी शिकलेला, तुला अक्षर वाचाय येत न्हवतं. तेव्हा कुणी वाचून दाखवतंय असं समज आणि ऐक. मधी बोलू नको. तुला मधी बोलायची सवय.

तू लग्न होऊन आलीस तेव्हा तुझं माहेर चिक्कोडीच्या पलीकडं, पक्कं कानडी. तुझी मराठी अशी की बैल आली, पाऊस आली, मामंजी जेवली. आमची आक्का पदर तोंडाला लावून हसायची. तू एकदा तिला म्हणालीस, "तुमी हसली तर हसली, भाकरी गोल झाला का न्हाय तेवढं बघा." भाकरी गोल होती. आक्का माझी थोरली बहीण, लवकर विधवा होऊन शेजारच्या घरात राहिलेली, तिला कुणी असं बोललेलं न्हवतं. त्या दिवसापासनं तुमचं दोघींचं जे जुंपलं ते परवापतूर.

थोरला बाळू झाला, मग प्लेग आला. गाव मोकळं करून सगळी रानात खोपी घालून राहिली. तानी त्या खोपीत झाली. लहानपणी चांगली होती. पण कुणाच्या तोंडाकडं बघायची न्हाय. हाक मारली तर वळायची न्हाय. मी म्हटलं बहिरी हाय. तू म्हणालीस, परड्यात वाटी पडली तर दचकती, बहिरी कशी? दोन वर्षांची झाली, तीन झाली, बोलणं न्हाय. कडेवर घेतलं की लाकडागत ताठ व्हायची. आणि रडाय लागली की कशानंच थांबायची न्हाय. शेजारपाजारची म्हणायची, तेल्याच्या घरात कायतरी शिरलंय.

एक दिवस रडत-रडत ती घाण्यापाशी गेली आणि गप झाली. लाकूड लाकडावर घासतं तो आवाज. कर्र, कर्र. माझा बा म्हणायचा, घाण्याचा आवाज ऐकून तेल्याच्या पोरास्नी झोप लागती. मग रोज तसंच. उखळात फिरतं त्या लाकडावर, लाटेवर, भार म्हणून फळीवर दगड ठेवलेले असतात. मी एक दगड उतरवून तिला तिथं बसवाय लागलो. ती गोल फिरायची, बघत कुठं असायची देव जाणे, पण सुखी असायची. आक्का म्हणायची, "बरं झालं, दगडाच्या जागी दगड." तू तिच्याकडं असं बघितलंस की मी बैल हाकायच्या निमित्तानं पलीकडं गेलो.

पण घाणा थांबला की किंकाळी. जेवायला थांबवा, घाणी काढायला थांबवा, किंकाळी. मी वैतागलो. मार्ग तू काढलास. एकदम थांबवायचा न्हाय. आधी तुझ्या माहेरचा शब्द म्हणायचा, "साकु". पुरे. मग एक फेरा जाऊ द्यायचा. पुन्हा "साकु", पुन्हा एक फेरा. तिसऱ्या साकुला बैल उभा करायचा. मी हसलो. म्हटलं, पोरीला काय कळतंय. पंधरा दिवसांत बैल शिकला, तिसऱ्या साकुला आपल्याआप उभा राहाय लागला. महिन्यानं तानी शिकली. किंकाळी बंद. मी तुला बरं केलंस असं म्हटलं न्हाय. आता म्हणतो.

तिचा पहिला शब्दही तोच. सात वर्षांची होती. आक्का दारात उभी राहून तुला सुनावत होती, बराच वेळ, की सकाळी अंगण झाडलं न्हाईस, पोरीपायी घर बुडवलंस. आणि फळीवरनं आवाज आला, "साकु." आक्का थांबली. मी थांबलो. तू तोंडावर हात ठेवून रडलीस, का हसलीस, मला कळलं न्हाय. मग म्हणालीस, "वन्सं, अजून दोनदा म्हटलं की तुमी थांबायचं हाय."

सोमवार तेवढा वाईट. आमच्यात सोमवारी घाणा जुंपत न्हाईत, महादेवाचा वार. चुकूनही न्हाय. सोमवारी तानी सकाळपासनं दार धरून डोकं आपटायची. तू जातं घेऊन बसायचीस. दळायला काही नसलं तरी जातं फिरवायचीस, जात्याच्या तोंडात चिमूटभर कण्या घालून, दुपारपतूर. तुझ्या तळव्याला घट्टे पडलेले. परवा तुला न्हाऊ घालताना बायकांनी ते बघितले आणि एक म्हणाली, "किती दळत होती बाई." दळत न्हवतीस.

मी तिला मारलं ते तुला ठाऊक हाय. भाकरीवरनं. मी विचारलं, "भाकरी पाहिजे का?" ती म्हणाली, "भाकरी पाहिजे का?" मी म्हटलं, "मला काय इचारतीस, तुला पाहिजे का?" ती म्हणाली, "तुला पाहिजे का?" मला वाटलं माझी नक्कल करती. दिली एक ठेवून. तू चुलीपासनं उठून आलीस. हातात उलथनं होतं, मला वाटलं आता माझ्या डोक्यात पडतंय.

"ती मागतीय."

"माझीच गोष्ट माझ्या तोंडावर फेकतीय."

"आवं, तुमी तसं म्हणता, मग तिला भाकरी मिळती. तिला वाटतंय भाकरीचं नावच तेवढं लांब हाय."

त्यानंतर मी घरात कुणालाच तसं विचारलं न्हाय. "मला भाकरी पाहिजे," असंच म्हणायचं, भूक नसली तरी. वर्षभरानं तीही म्हणाय लागली.

तिला पहिला शब्द फुटायच्या आधी बेळगावला डॉक्टरकडं नेलं तेही तुझ्या हट्टानं. सर्व्हिस मोटार तेव्हा नवी. तानीनं निपाणीपासनं जो सूर लावला तो काकतीपतूर. काकतीला ड्रायव्हरनं मोटार उभी केली, म्हणाला, "पाव्हणं, ही पोर उतरवा न्हाय तर मी उतरतो." उतरलो. तिथनं तीन कोस चालत. मी पुढं, मग तू, मग तानी. माझ्या मानेला लाज चिकटली होती, मी मागं बघितलं न्हाय. तू मात्र म्हणालीस, "बघा बघा, माझ्या पावलावर पाऊल टाकतीय." अनगोळच्या बाजूला त्या डॉक्टरचं घर. टोपी घातलेला, चांगला माणूस. कान बघितले, घसा बघितला, घंटी वाजवली. मग मला म्हणाला, "औषध नाही. हिला राग येऊ देऊ नका."

तू मागनं म्हणालीस, "राग न्हाय सायेब. भ्या वाटतं तिला."

"कशाचं?"

"ठाऊक नसंल त्येचं सगळ्याचं."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनंच."

"ती बोलते?"

"न्हाय."

डॉक्टरनं पैसे घेतले न्हाईत. येताना मी तुला म्हटलं, एवढं लांब येऊन मिळालं काय? तू म्हणालीस, "मोटारीत बसवायची न्हाय, एवढं कळलं." मला त्या वेळी तुझा लई राग आलता. दुसरी बाई असती, रडली असती तर मी समजूत तरी काढली असती.

मानमोडीच्या साथीत बाळू गेला. चांगला शाळेत जाणारा पोरगा, चार दिवसांत. आक्का दारात बसून रडत म्हणाली, "जायाची ती ऱ्हायली, ऱ्हायाचा तो गेला." तू रडायची थांबलीस. "ऱ्हायली ती माझी हाय," म्हणालीस. तेवढंच. पुन्हा रडाय लागलीस. मी आक्काला गप बस म्हणायला पाहिजे होतं. मी तेव्हा आक्काच्याच बाजूचा होतो. मनातल्या मनात. आता लपवून काय करू?

तानी तेरा-चौदाची झाल्यावर आक्कानं एक बिजवर आणला. मी तुला न विचारता सुपारी फोडली. तू घाण्यापाशी आलीस आणि विचारलंस, "त्येच्यात घाणा हाय का?"

"शेतकरी माणूस. घाणा कशाला असंल?"

"म्हणजे तिला रोजच सोमवार."

मी दोन दिवस तुझ्याशी बोललो न्हाय. तिसऱ्या दिवशी जाऊन सुपारी परत केली. चार माणसांत मान खाली घातली. ते मी विसरलो न्हाय, आणि तूही विसरू दिलं न्हाईस. "परत केलीत ते बरं केलंत," असं एकदा जरी म्हणाली असतीस तरी चाललं असतं. तूही माझ्यासारखीच.

पुढं निपाणीत तेलाची गिरणी आली, घाण्याचं तेल कोण घेतंय! मी म्हटलं बैल विकू, घाणा मोडून लाकूड करू. आपलं सर्वांत मोठं भांडण ते. लढाईच्या सबंध काळात चाललं. रॉकेल मिळत न्हवतं, साखर मिळत न्हवती, भांडण रोज ताजं. तुझं एकच. "घाणा तेलासाठी न्हाय." मी म्हणायचो, "मग कशासाठी, देवासाठी?" तू तानीकडं बोट करायचीस. तानी पंचवीस-तीस वर्षांची बाई झालेली. फळीवर मावत न्हवती, भिंतीपाशी बसायची, पण आवाज पाहिजेच. मी घाणा मोडला न्हाय. पण रोज सांगत होतो की उद्या मोडणार. ते भांडण अर्धंच राहिलं. तुझी बाजू खरी होती हे मी कबूल करणार होतो, एखाद्या दिवशी, तू जरा नरम दिसलीस की. तू नरम दिसलीस ती तापात, आणि तेव्हा म्हणायचं सुचलं न्हाय.

आता तापाचं सांगतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी पेज केली. आक्का करते म्हणत होती, मी म्हटलं राहू दे. तुला भिंतीला टेकवून बसवलं आणि वाटीनं पाजली. दोन घोट घेतलेस. तिसऱ्याला मान वळवलीस. तानी तिच्या जागेवर होती, तू तिच्याकडं बघितलंस. मग माझ्याकडं. आणि म्हणालीस, "साकु."

मी वाटी बाजूला ठेवली. तोंड पुसलं. म्हटलं, बरं, मग पिऊ. तू पुन्हा "साकु" म्हणालीस, जरा जोरानं. मी म्हटलं, व्हय व्हय, ठेवली बघ वाटी. तू डोळे मिटलेस. त्यानंतर बोलली न्हाईस. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस.

तू गेलीस आणि घर भरलं. बायकांनी हंबरडा फोडला. आक्का पळत जाऊन बैल सोडून आली. सुतक पडलं, घाणा चालू कसा राहील? तीनदा साकु म्हणायचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. माझ्याही न्हाय. आवाज एकदम बंद. तानी किंचाळली. लोकांस्नी वाटलं आईसाठी रडती. लोकं म्हणाली, बघा, येडीला पण कळतंय. मग ती खांबाला डोकं आपटाय लागली. मी तुला पोचवून आलो तरी आपटत होती. कपाळावर टेंगूळ आलं होतं. पाणी नको, भाकरी नको. आक्कानं समोर ताट ठेवलं ते तसंच.

संध्याकाळी दिवा लागायच्या वेळेला तुझा धाकटा भाऊ मल्लाप्पा माझ्याजवळ येऊन बसला. चिक्कोडीहनं बैलगाडी हाकत आलता बिचारा, तोंड बघायला मिळालं न्हाय. तुला तो आक्काच म्हणायचा. तानीकडं बघत म्हणाला, "दाजी, आमच्या आक्कानं हिला चांगलं साकली."

मला कळेना. मी म्हटलं, "साकली म्हणजे? संपवली?"

"आवं न्हाय. साकली. वाढवली. संभाळली."

"साकु म्हणजे पुरे न्हाय का?"

"त्ये बी साकु. ह्ये बी साकु. शब्द एकच, दाजी. जेवताना म्हटलं तर पुरे. कुणाच्या हातात पोर देऊन म्हटलं तर संभाळ, वाढीव." मग हसला जरासा. "एवढी वर्सं आमची आक्का घरात हुती, एवढं बी न्हाय कळलं तुमास्नी?"

न्हाय कळलं. तू शिकवलं न्हाईस, मी विचारलं न्हाय. तुझा एकच कानडी शब्द मला येत होता आणि तो अर्धाच येत होता.

मी आठ दिवस त्याचाच विचार केला. तू पेज पुरे म्हणालीस, का पोर संभाळ म्हणालीस? आधी माझ्याकडं बघितलंस का आधी तिच्याकडं? आधी तिच्याकडं. मग माझ्याकडं. मग साकु. दुसऱ्यांदा जोरानं म्हणालीस. पेज पुरे म्हणायला माणूस एवढा जोर करतं का? तापात करतंही. मला ठाऊक न्हाय. तुलाच विचारलं असतं.

आणि संभाळ म्हणाली असशील तर माझ्यापुढं एकच अडचण हाय. ती तुला सांगतो. वीस वर्षं सांगितली न्हाय.

तानी दहाची होती. मी तिला घेऊन निपाणीच्या बाजाराला गेलतो, बैलगाडीतनं, तेलाचे डबे घेऊन. दुपारी यायचो ते आलो न्हाय म्हणून तू दारात उभी होतीस. आम्ही दोघं आलो, उशिरा. तानीचा परकर ओला, तोंड उन्हानं लाल. मी म्हटलं, "गर्दीत हात सुटला. हुडकून आणली." तू तिला न्हाऊ घातलंस, कपडे बदललेस, फळीवर बसवलंस. मग माझ्यापुढं येऊन उभी राहिलीस.

"हात सुटला का सोडला?"

"सुटला."

तू पुन्हा कधी तिला माझ्याबरोबर एकटं पाठवलं न्हाईस. मधी-मधी, वर्षा-दोन वर्षांनी, काही कारण नसताना विचारायचीस. भाकरी वाढताना. जातं पुसताना. सुटला का सोडला? मी म्हणायचो, सुटला. एकदा मी ओरडलो, "किती येळा सांगू?" तू म्हणालीस, "एकदा खरं सांगा, मग इचारणार न्हाय."

सोडला. मी सोडला.

तंबाखूच्या वखारीपाशी तिला उभी केली, "हितं थांब" म्हटलं आणि चालाय लागलो. गाडी जुंपली. मला वाटलं कुणीतरी नेईल, कुणाला तरी दया येईल, बामणाच्या घरी, मठात, कुठंतरी. तुला सांगायचं काय ते वाटेत ठरवत होतो. नाक्याच्या बाहेर ओढ्यापतूर गेलो. बैल पाणी प्याला. मी बसून राहिलो. पुढं जाववेना आणि लाजेनं मागं फिरवेना, असा बराच वेळ. मग फिरलो. कुठल्या देवानं फिरवला म्हणशील तर तसं काही न्हाय. तुझ्यापुढं एकटा कसा उभा राहू, एवढंच.

ती तिथंच होती. मी जिथं उभी केली तिथं, तसूभर इकडं न्हाय की तिकडं न्हाय. गाड्या तिला वळसा घालून जात होत्या. एका कांदेवालीनं तिच्या डोक्यावर पोतं टाकलं होतं उन्हासाठी. ती बाई मला म्हणाली, "तुझी व्हय रं? किती ओढली, हलाय तयार न्हाय. नुसतं हितं थांब, हितं थांब म्हणतीया." मी हात धरला. तानीनं हात काढून घेतला आणि माझ्या मागनं चालाय लागली, पावलावर पाऊल टाकत. तुझ्यामागं चालायची तशी.

एवढं हाय. तुला कळलं होतंच. तुला फक्त माझ्या तोंडानं पाहिजे होतं.

आणि एवढं ठाऊक असून तू शेवटी माझ्याकडं बघून साकु म्हणालीस. म्हणाली असलीस तर. दुसरं कोण होतं म्हणा. आक्का होती. पण आक्काकडं न्हाय बघितलंस.

तू गेलीस त्या संध्याकाळी, मल्लाप्पा झोपाय गेल्यावर, आक्का माझ्यापुढं बसली. तिचं वय ऐंशीच्या आसपास. ती वाईट बाई न्हाय, तुला ठाऊक हाय, तुझ्या प्रेताला तिनंच कुंकू लावलं.

"आता हिचं काय?"

"काय म्हणजे?"

"लांब कुठं येड्यांचं इस्पितळ हाय म्हणत्यात. तिथं चार घास मिळतील. तुझं तुला होत न्हाय, हिचं काय करशील? सहा महिन्यांत तू बी जाशील. मग मी काय माझं आणि हिचं, दोघींचं करू? मला उठवत न्हाय."

"बघू."

"बघू न्हाय. ती खाईत न्हाय बघ. आईच्या हातचंच खायाची. आईच्या मागंच जायाची ती. उगा डोळ्यांदेखत मारतोस व्हय?"

आक्का खरं बोलत होती. तानी खांबापाशीच होती. टक. टक. दहा दिवस सुतक, दहा दिवस घाणा बंद. एवढे दिवस ती उपाशी राहिली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच संपली असती. आणि इस्पितळात नेली असती तर तिथं कुठला घाणा, कुठलं जातं? तिथंही तिसऱ्या-चौथ्या दिवशीच. नेताना मोटारीत बसवली असती ते वेगळंच. मला सगळं दिसत होतं. मी हात सोडायचा का धरायचा एवढंच राहिलं होतं, आणि विचारायला तू न्हवतीस.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घाण्यापाशी गेलो. सुतकात ढोर जुंपायचं न्हाय. ढोर. माणसाचं कुणी सांगितलेलं न्हाय. उखळ कोरडं फिरवू नये, लाट जळते, म्हणून मूठभर पेंड टाकली. फळीवरचे सगळे दगड उतरवले. जू बाजूला टाकलं आणि दांड्याला छाती लावली. हलेना. पुन्हा लावली. मग कर्र झालं.

एक फेरा झाला. मागनं टक-टक चालूच होतं. दुसऱ्या फेऱ्याला ते थांबलं.

आक्का दारात आली. तिच्यामागनं मल्लाप्पा, शेजारची दोन-चार माणसं. आक्का म्हणाली, "आरं, काल बायकू जाळलीस आणि आज घाणा? शेण घालतील तोंडात लोक. माणूस हायस का बैल?"

मी म्हटलं, "आज बैल."

मल्लाप्पा पुढं आला, "दाजी, सरा, मी धरतो." मी म्हटलं, "तू चिक्कोडीला जाणार हायस."

तानी उठली. माझ्या अंगानं आली न्हाय, भिंतीच्या कडेनं खुंटीपाशी गेली. खुंटीवरनं बैलाची झापडं काढली, डोळ्यांवर बांधायची, कातड्याची. माझ्या वाटेत येऊन उभी राहिली. मी थांबलो. तिनं झापडं पुढं धरली. घाणा फिरवणाऱ्याच्या डोळ्यांवर झापडं असतात, तिनं जन्मभर तसंच बघितलेलं, माझ्या डोळ्यांवर न्हवती, ते चुकत होतं. शेजारचा एकजण फिदीफिदी हसला. आक्कानं त्याला फाडकन थोबाडीत मारली, सुतकात.

मी गुडघ्यावर बसलो. तानीनं झापडं माझ्या डोळ्यांवर ठेवली आणि मागं गाठ मारली. घट्ट, बैलाला मारतात तशी. तीस वर्षांत तिनं आपणहून मला हात लावला न्हवता. तिची बोटं गार होती आणि त्यांना तेलाचा वास होता. मला काही दिसत न्हवतं, बरं झालं.

उठलो, दांडा चाचपला, छाती लावली. चालाय लागलो. किती फेरे झाले कुणास ठाऊक, तेरा-चौदा असतील. आक्काची पावलं ऐकू आली, ताट जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, आणि आक्का म्हणाली, "मला भाकरी पाहिजे." तिला कधी कळलं होतं ते, मी विचारलं न्हाय.

मी फिरत राहिलो. मग भिंतीच्या बाजूनं शिळी भाकरी चावल्याचा आवाज आला, हळूहळू, नेमका माझ्या पावलाच्या तालावर. म्हणून मी पाऊल मोडू दिलं न्हाय.